शांत बसलेलं मूल

त्या कुटुंबाचा फोन आला तेव्हा त्यांची यादी तयारच होती. दोन दिवस, एक मुक्काम आणि त्यात बसवायची ठिकाणं म्हणजे टेकडी, गुहा, तळं, पक्षी बघायची जागा, शिवाय सूर्यास्त. सोबत चार मुलं. त्यांचा मोठा सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची आणि बरोबर येणारी दोन भाचरं त्याच वयाच्या आसपासची. बाबांनी यादी एका दमात वाचून दाखवली आणि विचारलं, "ताई, यातलं काय काय होईल?"

मी विचारलं, "धाकटी दुपारी किती वाजता झोपते?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईने फोन घेतला आणि खरी आखणी सुरू झाली.

लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी निसर्गातल्या छोट्या सहली आखायच्या आणि त्यांच्यासोबत जायचं, हे माझं काम. उन्हाळ्यात माझा आराखडा बहुतेक वेळा सारखाच असतो. ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं, साडेदहाच्या सुमाराला छपराखाली यायचं आणि अर्ध्या दिवसात एकच जागा बघायची. लोकांना हे फार कमी वाटतं. पण तीन-चार वर्षांचं मूल चालतं तेव्हा ते मुळी कुठे पोचायला निघालेलंच नसतं. खडा दिसला की बसतं, बी सापडली की मूठ वळतं, मुंगी दिसली की तिच्यामागे उलटं फिरतं. नकाशावरचा एक किलोमीटर त्याच्या लेखी काहीच नसतो. त्याला ओढत पुढच्या ठिकाणी नेलं की रडारड होते आणि मग आई-बाबा म्हणतात, याला निसर्गाची आवडच नाही.

शेवटी ठरलं ते असं. एक रात्र वाढवून आदल्या दुपारीच मुक्कामी पोचायचं, संध्याकाळी काही करायचं नाही. सकाळी सात वाजता जुन्या झाडांच्या राईत जायचं. राईच्या पलीकडे तळं आहे. मुलांचा कल दिसला आणि वेळ उरला तर तळं, नाहीतर नाही. "एवढंच?" असं बाबा म्हणाले खरे, पण तयार झाले.

प्रत्यक्षात त्यांना घरून निघायलाच उशीर झाला. पोचले रात्री उशिरा, मुलं अर्धवट झोपेत. त्यामुळे सकाळी राईत पाऊल ठेवलं तेव्हा आठ वाजून गेले होते. मी मनातल्या मनात तळं तिथेच खोडून टाकलं.

राईत शिरल्या-शिरल्या पहिल्याच मोठ्या झाडापाशी मुलं थांबली. झाडाची जाड मुळं जमिनीवर आली होती आणि एका मुळाच्या आडोशाला, पाऊस-वाऱ्यापासून सुरक्षित अशा पिठूळ मातीत, छोटे छोटे खळगे होते. अगदी नेटके, नरसाळ्यासारखे, नाण्याएवढ्या तोंडाचे. मोठ्या मुलाने विचारलं, "हे कोणी केलं?" मी सांगणार तेवढ्यात एक मुंगी काठावरून घसरली. ती वर चढू लागली तशी पायाखालची माती सुटू लागली. आणि मग तळातून, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून, मातीचा एक फवारा उडाला. पुन्हा एक. मुंगी धडपडत खाली आली, दोन बाकदार जबडे मातीतून वर आले आणि मुंगी आत गेली.

चारही मुलं पोटावर आडवी.

हा मुंगीसिंह, म्हणजे चार पंखांच्या, चतुरासारख्या दिसणाऱ्या एका कीटकाची अळी. ती मागे मागे सरकत, डोक्याने माती उडवत हा खळगा खणते आणि तळाशी स्वतःला पुरून घेते. कोरडी माती जास्तीत जास्त जेवढ्या उतारावर टिकते, तेवढाच उतार ती ठेवते. त्यामुळे मुंगीचं पाऊल पडलं की उतार ढासळतो. शिकार शोषून झाली की उरलेलं टरफल बाहेर फेकून देते. हे सगळं मी एकदम सांगितलं नाही. मुलं विचारतील तेवढंच सांगायचं, बाकी त्यांच्या डोळ्यांवर सोडायचं. भाच्याने गवताची काडी अलगद खळग्यात फिरवून बघितली. अळीने तिच्यावरही माती उडवली तेव्हा जो ओरडा झाला, त्याने झाडावरचे पक्षी उडाले.

बाबा दुर्बीण गळ्यात अडकवून तळ्याच्या दिशेच्या वाटेवर उभे होते. अधूनमधून घड्याळ बघत होते. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. सुट्टी मिळवायची, एवढं लांब यायचं आणि पहिल्याच झाडाखाली मातीत तोंड घालून बसायचं! मी त्यांच्याजवळ जाऊन एवढंच म्हटलं, "आत्ता ही जागा हलवू नका. यांना याहून चांगलं आज काही मिळणार नाही."

तेवढ्यात भाचीने तो प्रश्न विचारला, जो मुलं हमखास विचारतात. "ही शी कुठे करते?"

याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. ही अळी शी करतच नाही. तिच्या आतड्याला मागच्या बाजूने वाटच नसते. सगळी घाण पोटात साठते आणि कोशातून पंखवाला कीटक बाहेर पडतो तेव्हा ती एकदाच बाहेर टाकली जाते. काही जातींमध्ये यात वर्षंही जातात. मुलांचा विश्वास बसेना. मग शी-शूच्या गप्पांना ऊत आला. कोणी सकाळी कितीदा शू केली, कोणाला आत्ता आली आहे. मी मुद्दाम ते चालू दिलं, कारण उन्हाळ्यात मुलाच्या पोटात पाणी पुरेसं जातंय की नाही, हे सांगणारी याच्यासारखी खूण नाही. तिघांनी उत्साहाने हिशेब दिला.

धाकटी बोलली नाही.

ती मघाशीच मुलांतून उठून गेली होती. बाबांशेजारी एका दगडावर बसली होती, हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखी. बाबा कौतुकाने म्हणालेही, "बघा, आमची कशी शांत बसलीये." मी आईला विचारलं, "हिने शू केव्हा केली?" आई आठवू लागली आणि तिचा चेहरा बदलला. पहाटेपासून नाही. सकाळी दूधही दोन घोट पिऊन ठेवलं होतं, गाडीत पाणी नको म्हणाली होती.

मी जाऊन दगडाला हात लावला. आम्ही आलो तेव्हा तिथे सावली होती. आता सावली सरकली होती आणि दगड चांगलाच तापला होता. पोरगी लालबुंद, ओठ सुकलेले, डोळे जड. "दादा कुठेय?" विचारलं. तिने बोट दाखवलं, पण जरा वेळाने. अंग गरम आणि ओलसर होतं. ती भानावर होती, म्हणून मी शांत राहू शकले.

उन्हाचा त्रास होऊ लागलेलं लहान मूल दरवेळी रडून सांगत नाही. कधी पिरपिर करतं, कधी एकदम मलूल होऊन गप्प बसतं. आणि गप्प बसलेल्या मुलाचं कौतुकच होतं, त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. शिवाय मुलांचं शरीर या बाबतीत मोठ्यांसारखं नसतं. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा, म्हणून बाहेरची उष्णता आत लवकर शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळण्याच्या नादात तहान लागलेली कळत नाही. म्हणून मी पाणी "हवंय का?" असं विचारत नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातात देते.

तिला उचलून दाट सावलीत नेलं. बूट-मोजे काढले, फ्रॉकची बटणं सोडली, फडकी भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवली. आई टोपीने वारा घालू लागली. पाणी घोट घोट, एकदम नाही, कारण भसाभस पाजलं की उलटी होऊन आहे तेही जातं. ओआरएसचं पाकीट माझ्या पिशवीत असतंच. ते लिटरभर पाण्याचं होतं, तेव्हा पूर्ण लिटरभर पाण्यातच घातलं. मूल थोडंच पिणार म्हणून अर्धं पाणी घेऊन त्यात अख्खं पाकीट टाकतात, ते घातक आहे, क्षाराचं प्रमाण वाढतं.

बाबांचा जीव कासावीस झाला होता. "गाडीत घालू, एसी लावू," म्हणत ते तिला उचलायलाच निघाले. गाडी उन्हात बंद उभी होती. मी म्हटलं, आधी सगळी दारं उघडा, गाडी सावलीत घ्या, एसी चालू करून आतली झळ जाऊ द्या, मग बघू. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने चढतं. तिथे मूल एक मिनिटही एकटं ठेवायचं नसतं, झोपलेलं असलं तरी. पण गाडी हाताशी असणं मात्र हवंच. मी कुठलीही जागा निवडताना मूल कडेवर घेऊन किती वेळात गाडीपर्यंत येता येईल ते आधी चालून बघते. ती बरळली असती, उठवून उठली नसती, झटका आला असता किंवा उलट्या थांबल्या नसत्या, तर अंग गार करत करत थेट दवाखाना गाठायचा, हे माझं पक्कं होतं.

पाव तासाने तिने डोळे नीट उघडले. अजून थोड्या वेळाने भावाकडे बघून म्हणाली, "माझी काडी दे." त्याने दिली नाही. ती चिडून ओरडली. त्या भांडणाने माझा जीव भांड्यात पडला.

आता परत फिरायचं होतं, पण बाबांना दुसरा मार्ग सुचला. "ही आणि तिची आई थांबतील, मी तिघांना घेऊन पटकन तळं दाखवून आणतो." मी ठाम नाही म्हटलं. पाण्याकाठी एवढ्या वयाच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर लागतं, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको, दुर्बीणही नको. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बुडताना आवाज करत नाही. तीन मुलं आणि एक बाबा, हा हिशेब मला मान्य नव्हता. त्यांनी वाद घातला नाही. मुलांनीही तळ्याचं नाव काढलं नाही. त्यांना फक्त खळग्यांचा निरोप घ्यायचा होता आणि तो घ्यायला बराच वेळ लागला.

मुक्कामी पोचल्यावर धाकटीने दुपारी शू केली, फिकट रंगाची, आणि गाढ झोपली. बाबा यादीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मागच्या बाजूला लिहून द्या, मी काय बघायला हवं होतं." मी लिहिलं. शेवटची शू कधी. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. गप्प झालेल्या मुलाशी बोलायचं आणि उत्तर किती पटकन येतं ते बघायचं. बसायच्या जागेची सावली कुठे सरकते आहे. आणि उभं राहून स्वतःची सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन तीव्र झालं, आत जायचं. हे शेवटचं मुलांना इतकं आवडलं की संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात चौघं एकमेकांच्या सावल्या पावलांनी मोजत होती. मोजणारा हलला की सावली हलायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. धाकटी रात्री नीट जेवली, पहाटे स्वतःहून उठली, अंग गार होतं, म्हणून आईशी बोलून साडेसहाला तळ्यावर गेलो. चार मुलं आणि आम्ही चार मोठी माणसं, या वेळी सोबत आलेल्या भाचरांच्या आईसकट. प्रत्येकाच्या हातात एक हात. पाण्यावर निवळ्या पळत होत्या. त्या बुडत कशा नाहीत यावर मोठ्याचं आणि भाच्याचं जोरात चाललं होतं. मध्येच धाकटीने बाबांचा हात ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शू आली." बाबा तिला घेऊन धावतच झुडपाआड गेले, आणि येऊन मला म्हणाले, "पिवळी नव्हती."

आठच्या आत आम्ही परत फिरलो.