बॅगवाला की बिनाबॅगचा? व्हॅक्यूम क्लीनर घेतानाचा माझा अनुभव

आमच्या पोरीला धुळीची ॲलर्जी आहे. सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू, नाक लाल, शाळेत जाईस्तोवर अर्धा जीव जातो तिचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध चालू राहील पण गादी, सोफा, पडदे यातली धूळ घराबाहेर काढा, झटकू नका. आता आमचं घर नागपुरात मानकापूरला, कोराडी रोडच्या अंगाला, म्हणजे दिवसभर ट्रक, कुठे ना कुठे बांधकाम, आणि मार्चमध्ये कूलर लागला की बाहेरची हवा धुळीसकट सरळ बेडरूममध्ये. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, रोज झाडू-पोछा होऊन राहिला ना, मग मशीन कायले?" त्यांचं फरशीपुरतं बरोबरच आहे, फरशीला आमच्याकडे आजही झाडू-पोछाच. मला मशीन पाहिजे होतं ते गादीसाठी, सोफ्यासाठी, पडद्यांसाठी आणि कूलरमागच्या त्या कोपऱ्यासाठी जिथे हातच पोचत नाही.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानांत फिरले तर जवळपास सगळीकडे बिनाबॅगचेच, म्हणजे धूळ पिशवीत न जाता डब्यात जमते तसे, पुढे मांडलेले. दिसायला भारी, पारदर्शक डबा, आत धूळ गरगर फिरताना दिसते, आणि दुकानदाराचं एकच, मॅडम बॅगचा खर्च नाही. हे तंत्र खरंच चांगलं आहे, त्यात वाद नाही. आरागिरणीत भुसा वेगळा करायला जो मोठा सायक्लोन असतो तोच प्रकार छोटा करून जेम्स डायसन या इंग्रज संशोधकाने घरात आणला, ५१२७ नमुने करून, आणि १९९३ मध्ये त्याचा डीसी०१ हा व्हॅक्यूम इंग्लंडमध्ये विकायला आला. हवा जोरात गोल फिरते, जड कचरा बाहेरच्या भिंतीला आपटून खाली पडतो, त्यामुळे बॅगची छिद्रं भरून ओढ कमी होते तसं इथे होत नाही. पण एकदम बारीक धूळ सायक्लोनला पूर्ण सापडत नाही, ती पुढे फिल्टरवर जाऊन बसते, आणि तो फिल्टर धुवावा लागतो. धुतला की पूर्ण सुकेपर्यंत, साधारण २४ तास, मशीन बंद. आपल्या मे महिन्यात काही प्रश्न नाही, गॅलरीत ठेवला की सुकलाच, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत? ओला फिल्टर लावला की कुबट वास येतो, मोटरलाही वाईट.

तरी मी बिनाबॅगचाच घेणार होते, स्वस्त पडतो म्हणून. पण जाऊबाईंकडे तसा होता, मनीषनगरला, तो एका रविवारी मागून आणला आणि पोरीच्या गादीवर फिरवला. पाच-सात मिनिटांत डब्यात राखाडी, पिठासारखी बारीक धूळ, मध्ये केसांचा गुंता. मस्त वाटलं. मग गॅलरीत पेपर पसरून डबा उघडला आणि खरी गोष्ट तिथे दिसली. खालचं झाकण उघडताच धूळ पडली कमी आणि वर जास्त आली, उन्हात ढगासारखी दिसत होती, अर्धी प्लास्टिकला चिकटून बसली ती बोटाने, ब्रशने खरवडावी लागली, आणि आत उभ्या पोरीला शिंका सुरू. म्हणजे गादीतून एवढ्या मेहनतीने काढलेली धूळ शेवटच्या मिनिटाला परत घरात. ज्या घरात ॲलर्जी आहे तिथे मशीन धूळ किती ओढतं यापेक्षा ती फेकताना काय होतं हे जास्त महत्त्वाचं, आणि माझ्यासाठी विषय इथेच ठरला.

पण थांबा, बॅगवाला म्हटला म्हणून झालं असं नाही. आपल्याकडे कितीतरी मशीनमध्ये बॅग म्हणजे कापडी पिशवी असते, भरली की झटकायची आणि परत लावायची. दुकानदार ती फायदा म्हणून सांगतो, लाइफटाइम बॅग आहे म्हणे. ॲलर्जीवाल्या घराला ती सगळ्यात वाईट, झटकताना डब्यापेक्षा जास्त धूळ उडते. पाहिजे ती एकदाच वापरून फेकायची, तीन-चार थरांची सिंथेटिक बॅग, जिच्या पुठ्ठ्याच्या तोंडाला सरकणारं झाकण असतं. ते झाकण ओढलं की तोंड बंद, तशीच्या तशी सुक्या कचऱ्यात. मी बदलताना पोरगी बाजूला बसून अभ्यास करते, काही होत नाही.

मग मी दुकानात उलटं विचारायला लागले. आधी बॅग दाखवा, मशीन नंतर. या मॉडेलच्या बॅगा आत्ता स्टॉकमध्ये आहेत का, नसतील तर किती दिवसांत येतात, ऑनलाइन मिळतात का? दोन चांगली मॉडेलं याच प्रश्नावर सुटली, कारण बॅग मागवावी लागेल, सांगता येत नाही असं उत्तर आलं. बॅगच मिळत नसेल तर ते मशीन शोपीसच.

अजून दोन गोष्टी बघाच. एक, फिल्टर. एकदम बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरला हेपा म्हणतात, पण खोक्यावर नुसतं हेपा टाइप लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, एच१३ असा वर्ग लिहिलेला पाहिजे, तो पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवतो. आणि हवा मशीनच्या फटींतून न सुटता त्याच फिल्टरमधून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर फिल्टर असून नसल्यासारखा. दुसरं म्हणजे वॅट. २००० वॅट आहे मॅडम, हे ऐकून भुलू नका, वॅट म्हणजे वीज किती खातं ते, ओढ किती ते नाही. युरोपात २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम बाजारात आणायलाच बंदी आहे आणि तिथली घरं काही घाण राहिली नाहीत. ओढ बघायची तर दुकानात सोफ्यावर चालवून बघा.

खर्चाचं म्हणाल तर बॅगांचा खर्च येतो, खोटं कशाला बोलू. पण आम्ही फरशीवर वापरत नसल्यामुळे एक बॅग बरीच चालते, आणि पोरीच्या औषधापुढे तो खर्च मला जड वाटत नाही. सकाळच्या शिंका पूर्ण गेल्या नाहीत पण बऱ्याच कमी झाल्या, आता सासूबाईच आठवण करून देतात की गादीवर फिरवायचं राहिलं म्हणून.

जाऊबाईंना मात्र मी बदला असं म्हटलं नाही. त्यांच्याकडे कोणाला त्रास नाही, कुत्रा आहे, रोज केस निघतात, रोज डबा रिकामा करायचा तर बॅग त्यांना परवडणारच नाही, त्यांच्यासाठी बिनाबॅगचाच बरोबर. फक्त घरात ड्रिलिंग किंवा पुट्टीचं काम झालं की ती पांढरी धूळ कुठल्याच घरगुती व्हॅक्यूमने ओढू नका, फिल्टर लगेच चोंदतो, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि बॅगवाला घेतलाच तर कूलर लावायच्या आधी बॅगांचं एक पॅक घरात आणून ठेवा, त्या तीन-चार महिन्यांत बॅगा पटापट भरतात.