अंशाचं वाटोळं

नवतपातली, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतली दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर जे लिहिलं असेल ते वाचत बसावं लागतं: 'उष्माघात टाळा. तापमान ४५० सी.' साडेचारशे! ब्रह्मपुरीचं ऊन कितीही कडक असो, साडेचारशे अंशांना शिसं वितळतं. पेंटरनं ४५ च्या डोक्यावरचं, अंशाचं वाटोळं फक्त रांगेत खाली आणून बसवलंय.

नियम एवढासा आहे. आकडा, मग थोडी मोकळी जागा, मग बारीक वाटोळं आणि त्याला चिकटून कॅपिटल सी. जागा सोडायची ती वाटोळ्याच्या आधी. लोक नेमकी नंतर सोडतात. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून नंबरपॅडवर ०१७६ टाइप केलं की खरं चिन्ह उमटतं. शून्य वर सरकवून भागवलं, तर मजकूर दुसरीकडे चिकटवताना ते पुन्हा खाली घसरतं. केल्विन या तापमानाच्या एककाला मात्र वाटोळं नाही. १९६७ सालीच काढून टाकलं. त्याचा के कॅपिटलच हवा, बारीक के म्हणजे किलो.

हे सगळं एकवेळ चालवून घेऊ. पण लशींच्या फ्रीजवर '२-८' लिहिलेलं मला बघवत नाही. नवख्याला ती आडवी रेघ उणे वाटली, की कारभार आटोपला. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लशी एकदा गोठल्या की बाद. वितळल्यावर बाटली वरवर पाहता बरी वाटते, म्हणून घोळ आणखी मोठा. तिथं '+२ ते +८' असंच लिहावं, मधला 'ते' अक्षरांत, पुढे वाटोळं आणि सी. दिवसातून दोनदा होणारी नोंदही तशीच, एककासकट.

घरात तर दोन राज्यं सुखानं नांदतात. ऊन सेल्सिअसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये. 'आज लय तपून रायलं, सत्तेचाळीस गेलं,' आणि लगेच, 'पोराले एकशे दोन हाये.' बोलताना कुणी चुकत नाही. वहीत लिहिलं की फसगत होते, विशेषतः फरक मांडताना. ताप दोन अंश उतरला तर सेल्सिअसमध्ये तो १.१ उतरला. नुसतं १.८ नं भागायचं. ३२ वजा करायचे ते तापमान बदलताना, फरक बदलताना नाही.

पण दुपारी दोन वाजता हे कुणाला समजावायला जाऊ नये. आधी कूलरमध्ये पाणी टाकावं.