बॅरेट बापलेक आणि बाबांचा काटा

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या 'स्टॉक कार'च्या, दिसायला साध्या मोटारीसारख्या गाड्यांच्या शर्यती. त्यांचा निकाल मी खालून वर वाचते. वरच्यांबद्दल दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून येतंच. तिसाव्या-पस्तिसाव्या नंबरवरची नावं मला जास्त बोलकी वाटतात. इंजिन गेलं, ब्रेक गेले, भिंतीला घासला, टायरांचे पैसे संपले. हे शेवटचं कारण कागदावर 'व्हायब्रेशन' म्हणून नोंदलेलं असतं, पण इथले जाणकार लोक ते वाचून गालात हसतात.

या तळघरातच मला स्टँटन बॅरेट सापडला. जन्म १९७२, कॅलिफोर्नियातलं बिशप. प्रायोजक बदलला की जिचं नाव बदलतं, त्या नॅस्कारच्या दुसऱ्या पायरीच्या मालिकेत हा माणूस नव्वदच्या दशकापासून वर्षानुवर्षं गाडी घेऊन येत राहिला. सर्वांत वरच्या पायरीच्या कप मालिकेतही उतरला, २००९ मध्ये इंडीकार, म्हणजे उघड्या चाकांची शर्यतीची गाडीही चालवून झाली. नॅस्कारमध्ये जिंकला एकदाही नाही. आणि शर्यत नसेल तेव्हा हा हॉलिवूडमध्ये गाड्या उडवतो. स्टंट ड्रायव्हर, स्टंट कोऑर्डिनेटर, सेकंड युनिटचा दिग्दर्शक. म्हणजे शनिवारी जी गाडी भिंतीपासून वाचवायची, तशीच गाडी सोमवारी ठरवून आपटायची.

मला यात रस असण्याचं कारण धंद्याचं आहे. मी संकलक. मुंबईत असताना मालिका आणि दोन-चार सिनेमांचे पाठलाग कापले. नवऱ्याची बँकेतली नोकरी अमेरिकेत शार्लटला आली, त्यामुळे आता दातांच्या दवाखान्यांचे आणि विमा कंपन्यांचे व्हिडिओ कापते. पण शार्लट म्हणजे नॅस्कारचं माहेर. बहुतेक टीमच्या कार्यशाळा इथून तासाभराच्या आत. किराणा आणायला गेलं तरी पार्किंगमध्ये कुणीतरी टायरच्या दाबावर बोलत असतं.

लोकांना वाटतं, शर्यतीतला ड्रायव्हर म्हणजे स्टंटला आयताच तयार. अजिबात नाही. शर्यतवाल्याचं सगळं शिक्षण गाडी सुटू न देण्याचं असतं. वळणावर मागची चाकं निसटायला लागली की इथे म्हणतात गाडी 'लूज' आहे, आणि ते त्याला डोळ्यांच्या आधी सीटमधून, पाठीच्या कण्यातून कळतं. विचार व्हायच्या आत हात स्टिअरिंग उलटं फिरवून मोकळे झालेले असतात. स्टंटवाल्याला गाडी सुटायलाच हवी असते. तीही रस्त्यावर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्यापाशी, कॅमेऱ्यासमोर आडवी होऊन, भिंगापासून हातभर अंतरावर थांबणारी. त्यासाठी तिचं एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करतात आणि मागची चाकं झटक्यात आवळणारा वेगळा हँडब्रेक बसवतात. मी कापलेल्या एका पाठलागात शर्यती खेळलेला एक मुलगा होता. प्रत्येक टेकला ऐन वेळी त्याचे हात गाडी सावरायचे. रशेसमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रणात, सहायक दिग्दर्शकाचा आवाज अजून ऐकू येतो, "अरे, सोड ना तिला! सोड!" त्याला सोडताच येईना.

एकाच शरीरात या दोन्ही सवयी ठेवून हवी ती काढायची, हे बॅरेटला कसं जमत असेल याचं मला खरंच नवल वाटतं.

दोन्हीकडची यंत्रंसुद्धा एकमेकांच्या उलटी. स्टॉक कार वेगात फिरून उलटं तोंड करते तेव्हा छतावरून जाणारी हवा तिला विमानाच्या पंखासारखी उचलते. म्हणून १९९४ पासून छतावर झडपा सक्तीच्या झाल्या. गाडी उलटी फिरली की त्या आपोआप उघडतात आणि उचल मोडतात. सिनेमावाले याच्या नेमकं विरुद्ध करतात. गाडीच्या पोटात तोफ बसवतात. बटण दाबलं की नळीतला दांडा जमिनीवर आदळतो आणि गाडी कुशीवर फेकली जाते. २००६ च्या बाँडपटातली अ‍ॅस्टन मार्टिन आधी रॅम्पवरून उलटवायचा प्रयत्न झाला. पण ती इतकी बसकी आणि पक्की की पलटायलाच तयार नव्हती. शेवटी नायट्रोजनची तोफ बसवली आणि अ‍ॅडम कर्लीने सात कोलांट्या घेतल्या. विक्रम झाला. २०२४ च्या एका हॉलिवूडपटासाठी लोगन हॉलडेने तो साडेआठावर नेला. आता याशेजारी ऑगस्ट २०२३ मधली नॅस्कारची डेटोनाच्या ट्रॅकवरची शर्यत ठेवा. रायन प्रीसची गाडी डांबर सोडून गवतावर गेली आणि झडपाबिडपा असूनही मोजता मोजता दमावं इतक्या वेळा पलटली. तो डोळे काळेनिळे घेऊन पुढच्या आठवड्यात डार्लिंग्टनच्या शर्यतीत पुन्हा गाडीत बसला. त्या पलट्यांचा विक्रम कुणी लिहून ठेवला नाही, कारण त्या ठरवून घेतलेल्या नव्हत्या. मला हे फार विचित्र वाटतं.

आता बापाकडे येते. स्टँटनचे वडील स्टॅन बॅरेटही स्टंटमन. त्यांचा दोस्त आणि गुरू हॅल नीडहॅम, म्हणजे आधी झाडांचे शेंडे छाटणारा, मग पॅराट्रूपर, मग स्टंटमन, मग दिग्दर्शक. वर सांगितलेली ती तोफ सिनेमात आणली ती त्यानेच, सत्तरच्या दशकात. तेव्हा नायट्रोजनऐवजी बंदुकीची दारू होती. चाचणीत ती जास्त झाली आणि नीडहॅमची पाठ मोडली. पुढे नट बर्ट रेनॉल्ड्सला भागीदार घेऊन त्याने नॅस्कारची टीमच काढली. स्टॅनही काही मोजक्या शर्यती धावला, पण टीमला नाव मिळवून दिलं ते हॅरी गँट आणि त्याच्या ३३ नंबरच्या गाडीने. १९८२ मध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर त्यांचा पहिला विजय. सिनेमावाल्यांनी शर्यतीत पाय ठेवला आणि घड्याळाने तो मान्य केला, असं हे दुर्मीळ उदाहरण.

पण त्याच्याआधी १७ डिसेंबर १९७९ घडलं होतं, आणि त्यावरून माझं आणि बाबांचं वाजलं.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर तराजूचे काटे तपासले, पेट्रोल पंपांची मापं तपासली, खोटी वजनं जप्त केली. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले तेव्हा त्यांना इथलं नॅस्कार हॉल ऑफ फेम दाखवायला नेलं. आत एक उतार बांधलाय, सपाटीपासून सुरू होऊन टॅलाडेगाच्या ट्रॅकवरच्या वळणाइतका, म्हणजे ३३ अंशांपर्यंत चढत जाणारा. आई खालीच थांबली. बाबा कठड्याला धरून वाकडे उभे राहिले आणि म्हणाले, "यावर गाडी थांबली तर खाली येईल की गं." म्हटलं, म्हणूनच थांबत नाहीत. मग बोलता बोलता मी त्यांना रॉकेटची गोष्ट सांगितली.

नीडहॅमने एक रॉकेट कार बांधून घेतली होती. तीन चाकं, सुईसारखी, प्रायोजक बिअर कंपनी. वेग अजून वाढावा म्हणून तिला साइडवाइंडर क्षेपणास्त्राची मोटर जोडलेली. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरच्या कोरड्या तळ्यात ती चालवली स्टॅन बॅरेटने. नंतर जाहीर झालं, ताशी ७३९.६६६ मैल, म्हणजे सुमारे ११९० किलोमीटर, आवाजाच्या वेगापेक्षा जरासं जास्त.

बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मोजलं कशानं?"

हवाई दलाच्या रडारने आणि गाडीतल्या उपकरणाने, मी म्हटलं. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की रडारचा पहिला आकडा ताशी ३८ मैल आला होता. त्याचं कारण असं दिलं गेलं की रडार लांबच्या कुठल्यातरी ट्रकला धरून बसलं होतं. मग आकडेमोड करून ७३९ काढले.

"जाताना मोजलं, मग येताना?"

आलेच नाहीत. अधिकृत विक्रमाला तासाभरात दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते, म्हणजे वारा आणि उतार दोन्ही कटतात. इथे एकच धाव. त्यामुळे तो विक्रम अधिकृत धरला जात नाही आणि वाद आजही चालू आहे. विमानातून आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणारा चक यीगरसारखा माणूस बॅरेटच्या बाजूने उभा राहिला, तरी नियम तो नियम. १५ ऑक्टोबर १९९७ ला अँडी ग्रीनने नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही जेट कार दोन्ही बाजूंनी पळवली, सरासरी ताशी ७६३ मैल. पुस्तकात नाव त्याचं.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. एका पारड्यानं तोलत नाहीत."

मला राग आला. तर्काने बाबा बरोबर होते, म्हणून तर जास्तच आला. मी म्हटलं, बाबा, तो माणूस त्या सुईत बसला होता, मागे क्षेपणास्त्राची मोटर पेटवली, ते कुणी केलं मग? ते म्हणाले, "बसला नाही असं कुठं म्हणतोय मी? किती जोरात गेला ते माहीत नाही, एवढंच म्हणतोय."

माझ्या धंद्यात 'किती' कुणी विचारतच नाही, खरी अडचण तिथे आहे. रस्त्याच्या कडेने लांब भिंग लावून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की ताशी चाळीसने जाणारी गाडी शंभरने जातेय असं वाटतं. कॅमेरा जरा हळू चालवून चित्रण केलं तर अजून. हिरो चालवताना दिसतो तेव्हा कधीकधी खरा ड्रायव्हर छतावरच्या पिंजऱ्यात बसून स्टिअरिंग फिरवत असतो आणि हिरो खाली नुसता दात-ओठ खातो. हे सगळं मी जोडते आणि त्याला लाज मानत नाही. नीडहॅम-बॅरेट मंडळी याच जगातून आलेली. दिसलं म्हणजे झालं, टेक ओके, पुढचा शॉट. येताना परत धावायचं कशाला? पडद्यावरच्या उडीला परतीचा टेक नसतो. मला वाटतं त्यांनी कुणाला फसवलं नाही. त्यांना मोजमापाचं महत्त्वच वेगळ्या ठिकाणी वाटत होतं, आणि शर्यतीचं जग तसं चालत नाही.

उलट उदाहरण पॉल न्यूमनचं. तो स्टँटनचा धर्मपिता. नट असून १९७९ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांत त्याची पोर्श दुसरी आली, आणि १९९५ मध्ये सत्तर वर्षांचा असताना डेटोनाच्या चोवीस तासांत त्याच्या टीमने आपला गट जिंकला. त्याला कुणी विचारलं नाही कशानं मोजलं. बाबांना न्यूमन फार आवडला.

म्हणून मला स्टँटनच्या त्या तळच्या नंबरांबद्दल आदर आहे. वडिलांच्या नावामागे आयुष्यभर प्रश्नचिन्ह लागलेलं पाहिलेला मुलगा वर्षानुवर्षं अशा ठिकाणी जात राहिला, जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि जे आलं ते लिहून टाकतात. तो कशासाठी जात राहिला ते त्याचं त्याला ठाऊक. पैशासाठी म्हणावं तर तो सिनेमात जास्त सुखाने मिळाला असता.

अकादमीने आता स्टंट डिझाइनसाठी ऑस्कर जाहीर केलंय. २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांना २०२८ च्या सोहळ्यात पहिल्यांदा मिळेल. नीडहॅमला २०१२ मध्ये मानद ऑस्कर दिलं होतं, पुढच्याच वर्षी तो गेला. परवा फोनवर बाबांना ही बातमी सांगितली. त्यांनी विचारलं, कोण सर्वांत चांगला हे ठरवणार कसं? मी म्हटलं, मतदानानं.

"हं," बाबा म्हणाले. "घे, आई बोलतेय."