एक देश, दोन चलनं

एकत्र नांदणं जमत नसेल तर सैलसर संघ करा, असा सल्ला गप्पांमध्ये हमखास ऐकू येतो. मला तेव्हा सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो आठवतात.

युगोस्लाव्हियातून बाकीचे चौघे बाहेर पडल्यावर हे दोघेच उरले होते. मार्च २००२ मध्ये युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरण सांभाळणारे हाव्हिएर सोलाना यांनी मध्यस्थी करून त्यांच्यात करार घडवला, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये नवी सनद लागू होऊन दोघांचा सैलसर संघ झाला. लोक त्या देशाला 'सोलानिया' म्हणू लागले.

माझी नोकरी बँकेतली, म्हणून मी आधी पैसा बघतो. सर्बियात दिनार, मॉन्टेनेग्रोत युरो. मध्यवर्ती बँका दोन, जकात वेगवेगळी. संघाला स्वतःचा कर नाही, दोघं देतील त्या वर्गणीवर कारभार. एवढ्यावर परराष्ट्र खातं आणि सैन्य चालवायचं! त्यात सनदेच्या कलम ६० मध्ये स्पष्ट लिहिलेलं की तीन वर्षांनी ज्याला जायचं त्याने सार्वमत घेऊन जावं. मग ती तीन वर्षं संसार मांडण्यात कोण घालवेल?

फायदे ज्याचे त्याचे, पण शिक्षा मात्र सामाईक. बोस्नियातल्या युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेला सर्ब सेनापती रात्को म्लादिच याला सर्बिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवत नाही म्हणून मे २००६ च्या सुरुवातीला युरोपीय संघाने त्यांच्याशी जवळीक वाढवण्याच्या कराराची बोलणी थांबवली, ती दोघांचीही. मॉन्टेनेग्रोच्या माणसाला हे झोंबणारच. त्याच महिन्यात, २१ तारखेला मॉन्टेनेग्रोत सार्वमत झालं. वेगळं होण्यासाठी ५५ टक्के मतं हवी होती, ५५.५ पडली.

विश्वचषकाच्या फुटबॉल संघाची निवड तोवर झालेली होती. ३ जूनला मॉन्टेनेग्रो स्वतंत्र झाला, आणि १६ जूनला गेल्सनकिर्शनमध्ये 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' याच नावाने खेळताना अर्जेंटिनाने त्यांना ६-० हरवलं. गोलरक्षक येव्रिच स्वतः मॉन्टेनेग्रोचा. सामना बघताना माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता.

तरीही दोन राज्यांचा हा सैलसर संघ फसला असं मी म्हणणार नाही. क्रोएशिया आणि बोस्नियात वेगळं होताना गावंच्या गावं उजाड झाली. इथे गोळी झाडली गेली नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय मी त्या कलम ६० ला देतो.

एक गोष्ट मात्र मला आजही अन्यायाची वाटते. परदेशात राहणारे मॉन्टेनेग्रोचे लोक मतदानासाठी विमानाने आले, आणि सर्बियात स्थायिक झालेल्या मॉन्टेनेग्रोच्या लोकांना मतच नव्हतं. ज्यांची घरं दोन्हीकडे होती, त्यांना कुणी विचारलंच नाही.