देव मानत नाही म्हणता, मग पोथी कशी काय पाठ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी माझ्या दुकानात सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेला माणूससुद्धा बिल बनेपर्यंत विचारून घेतो, की भाऊ तुम्ही तर देव मानत नाही, आरतीला उभे राहात नाही, मग तुमाले पोथीतलं इतकं कसं काय मालूम? आणि या प्रश्नाच्या मागे अजून एक प्रश्न असतो, तो तोंडावर कोणी विचारत नाही. म्हणजे आम्ही मानणाऱ्यांना कमी समजते असं तुमचं म्हणणं आहे का?

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडच्या पट्ट्यात. गाव काही मोठं नाही पण मारुतीचं देऊळ आहे, बुद्धविहार आहे, महानुभावांचा आश्रम आहे, वेशीबाहेर एक दर्गा आहे आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तर रोज संध्याकाळी असतेच. धर्माची कमी नाही आमच्याकडे. भागवत सप्ताहात बुवा एखाद्या नावावर अडकले की मंडपातले चार जण मागे वळून माझ्याकडे पाहतात, नास्तिकाकडे, आणि मी नाव सांगतो. लोकांना त्याची मजा वाटते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, मला लोकांनी विचारून विचारून वाचायला लावलं. कॉलेजात असताना मी आरतीला उठणं बंद केलं, झालं, त्या दिवसापासून घरात आलेला प्रत्येक पाहुणा माझी परीक्षा घ्यायला मोकळा. काका म्हणाले, "गीतेत काय लिहिलं हाय ते तरी मालूम हाय का तुले?" नव्हतं मालूम. मग गीता वाचली, मग ज्ञानेश्वरी काढली, तिच्यात अडकलो ते बरीच वर्षं अडकलो, मग पुराणं, मग जे हाती लागेल ते. माझ्यासोबत वाढलेल्या, आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या पोट्ट्यांना मात्र कोणी कधी विचारलं नाही की बाबू, तू टाळ्या काहून वाजवतो? टाळ्या वाजवणाऱ्याला कोण विचारते! पसायदान रोज म्हणणारी माणसं आहेत आमच्याकडे, सुंदर म्हणतात, पण ते ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येतं हे त्यातल्या निम्म्यांना मी सांगितलंय, त्यांना वाटायचं ती शाळेतली प्रार्थना आहे.

हे फक्त आपल्याकडे नाही बरं. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर म्हणून संस्था आहे, तिने 2010 साली लोकांना धर्माबद्दल 32 प्रश्न विचारले. सगळ्यांची मिळून सरासरी आली 16, म्हणजे निम्मे. आणि सगळ्यात वर कोण, तर नास्तिक आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही ते सांगता येत नाही म्हणणारे), 20.9. त्यांच्या पाठोपाठ ज्यू 20.5 आणि मॉर्मन, म्हणजे तिथला एक छोटा ख्रिस्ती पंथ, 20.3. तिथल्या कॅथलिक चर्चची शिकवण आहे की प्रार्थनेतली भाकर आणि द्राक्षारस खरोखर येशूचं शरीर आणि रक्त होतात, नुसतं प्रतीक नसते ते, तर ही आपल्याच चर्चची शिकवण आहे हे शंभरातल्या 45 कॅथलिकांना सांगता आलं नाही. 2019 ला पुन्हा तशीच चाचणी घेतली, तेव्हा ज्यू पहिले आले 18.7 ने, नास्तिक दुसरे 17.9, आणि सगळ्यांची सरासरी 14.2.

आता हे आकडे हाती लागले की आमच्या बाजूचे लोक व्हॉट्सअॅपवर नाचायला लागतात, पाहा म्हणे, न मानणाऱ्यालाच धर्म कळतो. अरे पण पुढचं वाचा ना. 2010 च्या त्याच चाचणीत बायबल आणि ख्रिस्ती धर्माचे प्रश्न वेगळे काढले तर मॉर्मन आणि गोरे इव्हँजेलिकल लोक (बायबलवर फार भर देणारे ख्रिस्ती) पुढे होते, म्हणजे स्वतःची पोथी ज्यांनी मनावर घेतली ते त्या पोथीत पुढेच. नास्तिक पुढे होते ते जगातल्या बाकी धर्मांच्या प्रश्नांवर, आणि तिथंही ज्यू त्यांच्या पुढे. आणि अजून एक गट होता, आमचा कोणताच धर्म नाही असं म्हणणारे पण स्वतःला नास्तिकही न म्हणवणारे, त्यांना मिळाले 15.2, सरासरीपेक्षा कमी. मला तर सगळ्यात कामाचा आकडा हाच वाटतो. नुसतं न मानल्यानं डोक्यात काही भरत नाही. वर आलेल्या तिघांकडे पाहा, नास्तिक, ज्यू, मॉर्मन, तिघंही तिथं थोडे, आणि जो थोडा असतो त्याला चौकात उत्तर द्यावं लागतं.

आमच्या गावात या सर्व्हेची गरजच नाही. रिद्धपूर आमच्यापासून जवळ, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळाचरित्राचं काम केलं ते तिथंच, तेराव्या शतकात. माझा एक वर्गमित्र महानुभाव आहे. शाळेपासून त्याला सगळे विचारायचे, तुमच्या घरी गणपती काहून नाही बसत, तुम्ही देवीले काहून नाही जात. म्हणून सातवी-आठवीतच तो पोट्टा जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगवेगळे पदार्थ आहेत आणि देवता मोक्ष देऊ शकत नाही, तो फक्त परमेश्वर देतो, हे घडाघडा सांगायचा. आम्ही दहा दिवस गणपती बसवणारे त्याच्यासमोर नुसते पाहात राहायचो, कारण आम्हाला गणपतीबद्दल मोदकाच्या पुढे काही येत नव्हतं.

विहाराकडच्या घरांचं तसंच. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास लागला की बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाचं रोज वाचन असते, आजीपासून नातीपर्यंत सगळे बसतात, आणि मधेच थांबवून प्रश्न विचारलेले चालतात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली लेकरं आहेत तिथं. आणि त्यांच्या मागं उदाहरण पाहा केवढं, बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं 13 ऑक्टोबर 1935 ला आणि नागपूरला धम्मदीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मधे एकवीस वर्षं गेली. सोडायचा तो धर्म आणि घ्यायचा तो, दोन्ही वाचून काढले त्या माणसानं. ते आयुष्यभर नास्तिक म्हणून बसले नाहीत, पण धर्म समजणं म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

म्हणून मानणारे विरुद्ध न मानणारे ही वाटणीच मला पटत नाही. ज्याला विचारलं गेलं त्याला समजलं, बाकीचे टाळ्या वाजवतात, दोन्हीकडचे.

पण थांबा, आता दुसरी बाजू सांगतो, कारण चाचणीत जे विचारता येतं तेवढाच काही धर्म नसतो.

सत्यनारायणाची पोथी घ्या. आम्ही न मानणारे त्या कथेवर लय हसतो. पाच अध्याय, स्कंदपुराणाच्या रेवाखंडातले म्हणतात, आणि पहिला सोडला तर बाकी चारांत अमक्यानं पूजा केली त्याचं भलं झालं, तमक्यानं नवस बोलून केली नाही तो तुरुंगात गेला, मग घरच्यांनी केली, मग सुटला. तर आमचा ठरलेला प्रश्न, की साधुवाण्यानं जी कथा ऐकली ती कोणती? ती तर पोथीत कुठंच नाही! बिनतोड प्रश्न आहे, बामणालाही उत्तर येत नाही, मी स्वतः किती पूजा या प्रश्नावर खराब केल्या असतील.

आमच्या शेजारच्या काकू दर श्रावणात पूजा घालतात. त्यांना रेवाखंड माहीत नाही, साधुवाण्याच्या बायकोचं नाव लीलावती की कलावती यात त्यांचा घोळ होतो (लीलावती बायको, कलावती पोरगी). माझ्या चाचणीत काकू नापास. पण पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा आहे, तो शिकारीवरून येताना गवळी लोक झाडाखाली पूजा करत असतात, ते राजाला प्रसाद देतात आणि राजा गुर्मीत तो प्रसाद टाकून निघून जातो, मग त्याची पोरं जातात, धन जातं, शेवटी परत येऊन त्याच गवळ्यांमधे बसून पूजा करतो तेव्हा सगळं परत मिळतं. ही गोष्ट काकूंनी जशी ऐकली तशी गावात कोणीच ऐकली नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात. आमच्या आळीतले बरेच लोक त्या दिवशी त्या रस्त्यानं जात नाहीत, आणि गेले तर आत्ताच जेवून निघालो म्हणतात. यातले सगळे सत्यनारायण करणारे, काही तर पोथी वाचणारे. काकू मात्र दरवर्षी जातात, पदर सावरून ओळीत बसतात, वाटी पुसून खातात. एकदा काकाजी घरी कुरकुरले तर काकू म्हणाल्या, "राजानं गवळ्याईचा परसाद टाकला तं काय झालं, मालूम नाही का तुमाले? तुमीच तं पूजेले बसता!"

आता सांगा, पोथी कोणाला समजली? मी त्या कथेतली गंमत पकडली, रचना पकडली, आणि काकूंनी तिच्यातलं एकच वाक्य पकडलं जे जगायला त्रासाचं आहे. काकाजींनी तर काहीच पकडलं नाही, ते सोवळं नेसून चौरंगासमोर बसले होते एवढंच.

न मानणाऱ्यांची अजून एक खोड आहे, ती मला जास्त खटकते. समोरचा जे म्हणतो ते तो खरंच म्हणतो, हे आम्हाला मान्यच करवत नाही. माझा एक भाचा पुण्याला आयटीत आहे, चांगला वाचणारा पोट्टा. त्याची आजी गजानन महाराजांचं पारायण करते, एकवीस अध्याय एका बैठकीत. लहानपणी हा भाचा तिला पोथीतली महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय कशी पेटली म्हणून छळायचा, आता शहाणा झालाय, तर म्हणतो आजी तुझं बरोबर आहे, पारायणानं मन शांत होतं, ब्लडप्रेशर कमी होतं, हे एक प्रकारचं मेडिटेशनच आहे. तो बिचारा आजीची बाजू घेत होता. आजी म्हणाली, "मले शांती-बिंती नाही पाहिजे बाबू. माह्या घुटण्याचं ऑपरेशन हाय, महाराज संगं पाहिजे. आन चिलीम पेटली होती."

यावर काय बोलणार? तिच्या श्रद्धेचं त्यानं मानसशास्त्र करून टाकलं होतं, आदरानं केलं होतं, पण त्यात आजीचे महाराजच गायब. मी चिलीम मानत नाही, ऑपरेशन सर्जननं केलं असं मी मानतो, पण आजीचं म्हणणं समजून घ्यायचं तर आधी ते जसंच्या तसं ऐकावं लागेल ना. हे काम वाचनापेक्षा अवघड आहे.

गाडगेबाबांचं तर दोन्हीकडच्यांनी असंच केलंय. आमच्याच जिल्ह्यातला माणूस, 1876 चा जन्म, गेले 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ. कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत जायचे, लोक उत्तर देत जायचे आणि उत्तर देता देताच आपल्या नवसाचं, बोकडाचं, कर्जाचं हसू त्यांना स्वतःलाच यायचं. देवळातला देव त्यांनी कधी महत्त्वाचा मानला नाही. मानणारे त्यांच्या फोटोला हार घालतात आणि त्यांचे प्रश्न विसरतात. आमचे पुरोगामी ते प्रश्न तेवढे घेतात, आणि त्याच कीर्तनात गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला हा गजर हजारो लोक तल्लीन होऊन म्हणत होते, तो का म्हणत होते, ते स्वतः का म्हणायला लावत होते, हे सोडून देतात. मला विचाराल तर तो खराटा आणि तो गजर एकाच माणसाच्या हातातोंडात कसे होते हे ज्याला सांगता येईल, त्याला वऱ्हाडातला धर्म समजला. मला अजून नीट सांगता येत नाही, प्रयत्न चालू आहे.

आणि आता घरचीच गोष्ट सांगतो, कारण तुम्ही कधी ना कधी विचारणारच. माझा पोरगा बारावीला आहे. तोही देव मानत नाही. काहून नाही मानत असं विचारलं तर म्हणतो, तुम्ही नाही मानत ना. परवा त्याला तुंगध्वज कोण म्हणून विचारलं तर तो म्हणाला, कोणत्या सिरियलमधला? गीता उघडलेली नाही, बुद्ध परीक्षेपुरता, चार्वाक ऐकलेला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या पोट्ट्यांना मी इतकी नावं ठेवली आणि माझ्या घरात टाळ्या न वाजवणारा तसाच एक तयार झाला, कारण नास्तिकाच्या घरात नास्तिक असणाऱ्याला कोण काय विचारणार.

त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला हे अजिबात पटत नाही. तिनं फर्मान काढलंय की यंदा श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी त्यानंच वाचायची. तो म्हणाला, "मी काहून वाचू? मी तं मानत नाही." आई म्हणाली, "तुया बापानं तरी वाचून सोडलं, तू काय सोडलं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बिलबुक काढून हिशोब करायला लागलो.