फेलब्रिगमधलं देवळ्यांचं घर

कबुतरखाना म्हटलं की मला लहानपणी पाहिलेलं दादर आठवतं. जाळीचं कुंपण, दाणे टाकणारी माणसं आणि एकदम उठणारी ती फडफड. इंग्लंडमधल्या नॉरफोकला फेलब्रिग हॉल आणि तिथला कबुतरखाना बघायला गेले तेव्हा डोक्यात तेच चित्र होतं.

समुद्रकाठच्या क्रोमरपासून तीन-एक किलोमीटरवर हा जुना वाडा आहे. तो मी भराभर पाहिला आणि उंच भिंतींनी वेढलेल्या बागेत आले. सप्टेंबर होता. कॉल्चिकमची जांभळट फुलं एकाही पानाशिवाय थेट मातीतून वर आली होती. वाटेच्या टोकाला लाल विटांचं, आठ कोनांचं एक कौलारू घर दिसलं. छपराच्या शेंड्यावर छोटा पांढरा मनोरा, कबुतरांना ये-जा करायला. बांधकाम अठराव्या शतकातलं.

आतल्या अंधाराला डोळे सरावले आणि भिंतीभर देवळ्या दिसायला लागल्या. आमच्या कोकणातल्या घरात अशी एकच देवळी होती, तिन्हीसांजेला आजी तिच्यात दिवा लावायची. इथे खालपासून वरपर्यंत नुसत्या रांगा! एकेका देवळीत अंडी दोन, पिल्लं बाहेर यायला साधारण अठरा दिवस. पुढे चारेक आठवड्यांत, उडायला लागायच्या आतच, पिल्लू उचलून स्वयंपाकघरात. पंख न वापरलेल्या पिल्लाचं मांस कोवळं राहतं म्हणून. दादरला लोक पुण्य लाभावं म्हणून दाणे टाकायचे. इथे एवढं देखणं घर बांधलं ते खाण्यासाठी, हे पचायला मला वेळ लागला.

वरच्या देवळ्यांपर्यंत हात पोचावा म्हणून काही कबुतरखान्यांत मधोमध फिरता खांब आणि त्याला शिडी असे. वॉरिकशरमधल्या किनवॉर्टनच्या चौदाव्या शतकातल्या कबुतरखान्यात ती अजून शाबूत आहे. विष्ठाही फुकट जात नसे. शेताला खत व्हायची, शिवाय बंदुकीच्या दारूसाठी तिच्यातून सोरा हा क्षार काढत.

पण या कबुतरांना दाणे कोणाचे? ती जमीनदाराची आणि चरायची कुळांच्या शेतात. मध्ययुगात कबुतरखाना बांधायचा हक्कच मुळी जहागीरदाराचा असे. फ्रान्समध्ये तर शेतकऱ्यांचा यावर इतका राग होता की 1789 च्या ऑगस्टमध्ये सरंजामी हक्क मोडीत काढताना हाही हक्क रद्द झाला.

फेलब्रिगचे शेवटचे मालक इतिहासकार रॉबर्ट विंडम केटन-क्रेमर. त्यांनी ही मोडकळीला आलेली वास्तू दुरुस्त करून घेतली. तोवर पिल्लांच्या मांसावाचून कोणाचं अडत नव्हतं. धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, क्रीट बेटावरच्या लढाईत मारला गेला, स्वतः ते अविवाहित. 1969 मध्ये त्यांच्यामागे सगळं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं.

मी निघणार तेवढ्यात वरच्या मनोऱ्यातून एक पांढरं कबूतर आत उतरलं, एका देवळीत शिरलं आणि घुमायला लागलं. मी पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिले.