बोर्ड गेला का ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुकानात दिवसाआड कुणीतरी हेच विचारतं, "जुना पीसी चालूच होईना, बोर्ड गेला का ओ?" बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, पीसीतले सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी. मी विचारतो, "बोर्ड कुठला?" तर कॅबिनेटवरचं नाव सांगतात. ते डब्याचं नाव. बोर्डाचं नाव बोर्डावरच छापलेलं असतं, बहुधा पीसीआय स्लॉटांच्या, म्हणजे जादा कार्डांच्या खाचांच्या, मधे नाहीतर प्रोसेसरच्या आसपास. जवळच बारीक अक्षरात रेव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्तीही सापडते. पीसी चालू असेल तर उघडायचीही गरज नाही, सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅमच्या मेनबोर्ड टॅबमध्ये दिसतं.

नावावर अडून बसतो, कारण आहे. जी४१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार बघणारी चिप) काही बोर्ड डीडीआर२ जातीची रॅम घेतात, काही डीडीआर३. दोन्ही रॅमना पिना २४०च, पण खाच वेगळ्या जागी. व्होल्टेज एकीचं १.८, दुसरीचं १.५. अंदाजाने रॅम आणायची, बसेना म्हणून अंगठ्याने रेटायची, की स्लॉट फुटला. मग बोर्ड खरंच जातो.

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा पीसी आला. हिशेबाचा. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दहाएक सेकंदांत सगळं बंद. मालक नव्या बोर्डाचं कोटेशन खिशात घेऊनच आलेले. पंखा काढला तर खाली प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या हीटसिंकवर सुताच्या कसपटांची गादी. चिमटीत धरून ओढली, अख्खी निघाली. मालक म्हणाले, "हा तर आमचाच माल की!" त्यात हीटसिंकच्या चार पिनांपैकी एक सुटून लोंबत होती. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पिना टक् होईपर्यंत दाबल्या. झालं. सोलापुरात व्हायरसपेक्षा जास्त पीसी सुताने मारलेत, असं माझं मत.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? मेन बंद करून रॅम सगळी काढा, बोर्डाला छोटा बझर लावा आणि चालू करा. बीप वाजले तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. मग पुन्हा मेन बंद करून रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, मग एकच रॅम लावून बघा. बीपच नाही, तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा प्लग बघा. साफसफाईनंतर तो लावायचा राहतो, माझाही राहिलाय. मग कपॅसिटर, बोर्डावरचे छोटे उभे डबे. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेलं दिसलं तर कपॅसिटर बदलून बोर्ड वाचू शकतो. नुसती तारीख मागे जात असेल तर तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला, बस्स.

प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना वाकल्या असतील तर मात्र सुईने सरळ करायला जाऊ नका, तसाच घेऊन या. आणि आधी नावाचा फोटो पाठवा, रेव्हिजनसकट. ब्रश मारून काढा, मागच्या वेळी नुसतं सूतच दिसलं.